पाच जणांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही: मागच्या सीटवर तिसरा नक्की बसतो कुठे?

पाटणखोरे

नमस्कार मंडळी,

घरची हॅचबॅक आता थकली. नवी घ्यायची तर ऑन-रोड चौदा-पंधरा लाखांपर्यंत ताणता येईल. गाडी चार मीटरच्या आतलीच हवी, कारण सोसायटीतलं पार्किंग दोन खांबांमधलं आणि मागे भिंत. म्हणजे ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, सायरॉस, थ्रीएक्सओ, कायलॅक ही सगळी वरात डोळ्यांसमोर आहे.

घरात माणसं पाच. मी (पाच फूट अकरा), बायको, उंचीत मला गाठत आलेला नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. गाव चिपळूणकडे, त्यामुळे पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट हा नेहमीचा रस्ता.

इंजिन, मायलेज, क्रॅश टेस्ट यावर वाचायला ढिगानं मिळतं. मला विचारायचंय ते बसण्याबद्दल. शोरूममधला पोरगा ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला चिकटवतो आणि मागचं दार उघडून म्हणतो, "बघा सर, लेगरूम!" अरे पण मग गाडी चालवणार कोण, तुझा गणपती?

माझं मत सांगून ठेवतो, खोडून काढा: या वर्गातल्या गाड्या चार माणसांच्याच. पाचवा फक्त आरसीवर असतो.

डबल_डिक्लच

बसलो जागा धरून. मधली नको.

रंकाळ्याची_हवा

भावा, चार माणसांची कशी काय? आमच्याकडं नेक्सॉन आहे. मागं आम्ही तिघं चुलतभाऊ बसतो आणि तिघंबी तालमीत गेलेलं. कोल्हापूर ते पुणे निवांत. मधी खंबाटकीच्या अलीकडं चहा. गाडी रुंद असली की काम झालं, लांबीचं काय घिऊन बसलाय.

मोजपट्टी

रंकाळा, तुमचं अर्धं बरोबर आहे. रुंदी महत्त्वाची आहेच. नेक्सॉन १,८०४ मिमी, सायरॉस १,८०५, ब्रेझा आणि सोनेट १,७९०, कायलॅक १,७८३. जुनी व्हेन्यू १,७७० होती, २०२५च्या नोव्हेंबरात आलेली नवी १,८०० झाली. सगळ्यांत रुंद थ्रीएक्सओ, १,८२१. पण हे बाहेरचं माप झालं. दारांची जाडी, आतला आर्मरेस्ट आणि चाकाची कमान किती आत घुसलीय यावर खांद्यांना काय उरतं ते ठरतं. ते कुठल्याच ब्रोशरात धड सापडत नाही.

लांबीचं म्हणाल तर सगळ्यांना एकच ताट वाढलेलं आहे: चार मीटर. त्यात इंजिन, पुढची माणसं, मागची माणसं आणि डिकी बसवायची. एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याच्या ताटात कमी. थ्रीएक्सओ बघा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,६०० मिमी, म्हणजे ग्रँड विटाराइतकाच. ग्रँड विटारा ४,३४५ मिमी लांब आणि ही ३,९९०. मग ते साडेतीनशे मिमी गेले कुठे? बरेचसे डिकीतून गेले. हिची आधीची पिढी, एक्सयूव्ही ३००, कोरियन साँगयाँग टिवोलीच्या पायावर बेतलेली होती. टिवोली मुळात चार मीटरपेक्षा लांब, ती आपल्याकडच्या चार मीटरच्या कर-नियमात बसवायला मागून छाटली. म्हणून गुडघ्यांना ऐसपैस आणि बॅगांना अडचण.

बाकीच्यांचे व्हीलबेस: ब्रेझा, सोनेट आणि जुनी व्हेन्यू २,५००, नेक्सॉन २,४९८, नवी व्हेन्यू २,५२०, सायरॉस २,५५०, कायलॅक २,५६६. नुसते हे आकडे पाहून गाडी घेऊ नका, पण कोणी कुठे जागा चोरली हे त्यावरून कळतं.

खिडकीची_जागा

मोजपट्टी, माहिती छान. आता मधल्या सीटवर बसणाऱ्या बाईकडून ऐका.

लग्नाला बरीच वर्षं झाली. सासरच्या गाडीत मागे मधली जागा कायम माझी. सासूबाईंना खिडकी लागते कारण त्यांना मळमळतं, नणंदेला खिडकी लागते कारण ती नणंद आहे. त्या जागेचा भूगोल मला पाठ आहे. पाठीला टेकते ती सीट नसते, दुमडलेला आर्मरेस्ट असतो. तो दोन्ही बाजूंच्या गादीपेक्षा कडक आणि बोटभर पुढे आलेला, त्यावर कप ठेवायच्या खळग्यांच्या कडा. बुडाखाली सीटचा फुगीर भाग, त्यामुळे मी शेजारणींपेक्षा उंच बसते आणि डोकं छताला. समोर एसीच्या झरोक्यांचा डबा, दोन्ही गुडघ्यांच्या बरोबर मधोमध. खाली जमिनीतून वर आलेला उंचवटा. म्हणजे एक पाय नणंदेच्या हद्दीत आणि दुसरा सासूबाईंच्या. पनवेल ते महाड एवढं सगळं सोसून वर "तुला काय, मधे दोन्हीकडून आधार मिळतो" हे ऐकायचं.

तेव्हा पाटणखोरे, प्रश्न तीन माणसं मावतात का हा नाहीये. मावतात. मधे *कोण* बसणार ते आधी ठरवा आणि त्या माणसाला शोरूममध्ये घेऊन जा. घरात गाडी पसंत करणारा माणूस मधल्या सीटवर कधीच बसत नाही.

डबल_डिक्लच

"नणंद आहे म्हणून खिडकी" _/\_ 

वाचतानाच गुडघे आखडून घेतले.

चिंचवडचा_फिटर

ताईंना प्रचंड अनुमोदन. फक्त एक भर. मागे बसताना सीटखाली पाय सरकवून बघा. पुढच्या सीटची उंची अगदी खाली केली की बऱ्याच गाड्यांत मागच्याचा बूटच आत जात नाही. नुसता गुडघा मोकळा असून उपयोग नाही, पावलाला जागा नसेल तर पाय लांब होतच नाहीत.

पेन्शनर_सदाशिवपेठ

धागाकर्त्यांनी मातोश्रींचा उल्लेख सुरुवातीलाच केला, पण प्रतिसादांची गाडी भलत्याच रस्त्याला लागली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर बसल्यावर किती जागा यापेक्षा *चढणं-उतरणं* हा विषय मोठा असतो. आमच्या सौ.चा अनुभव:

सीट कमरेच्या उंचीवर हवी. सेडानमध्ये माणूस खाली पडतो आणि उठताना मांडीवर सगळा भार येतो. मोठ्या एसयूव्हीत पायरी चढावी लागते. या मधल्या गाड्यांची उंची त्या दृष्टीने सोयीची, बूड टेकवलं की झालं. पण काहींचा दाराखालचा उंबरा फार रुंद असतो. पाय त्याच्यावरून ओलांडून जमिनीवर टेकवताना ऑपरेशन झालेला गुडघा नको तितका वाकतो. दार किती अंशांत उघडतं तेही बघा. टाटा पंचची दारं नव्वद अंशांत उघडतात. ती गाडी लहान आहे, पण आत बसणं म्हणजे खुर्चीत बसणं. शिवाय दाराच्या वर आतून धरायची मूठ आहे का? चारही दारांना? काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार सोडून बाकी तिघांना असते, काहींत तीही वाचवलेली.

छत मागे उतरतं असेल तर डोकं वाकवून आत शिरावं लागतं. फ्राँक्ससारख्या गाड्या दिसायला देखण्या, पण वयस्कर माणसाला मान, कंबर आणि गुडघा तिन्ही एका वेळी वाकवायला लावतात. त्यापेक्षा ब्रेझाचा उभट डबा बरा. तो सुंदर दिसत नाही असं आमचे चिरंजीव म्हणतात. चिरंजीवांचे गुडघे शाबूत आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात उभी केली तर सीटवर पोळी भाजते भाऊ. हे काळं रेक्झिन, ज्याला शोरूमवाले लेदरेट म्हणतात, ते पुण्यात ठीक असंल. इकडे पाठ चिकटून बसते. सीटला गार वारा असला तर घ्या, वरवरची चैन नाही ते. सायरॉसच्या वरच्या व्हेरिएंटात मागच्या सीटलाही आहे (फक्त बुडाखाली, पाठीला नाही). कायलॅकला वरच्यात पुढच्या दोन्ही सीटा गार आणि दोन्ही बटणावर सरकणाऱ्या.

नाहीतर साधं कापड घ्या. कापडी सीटवर घामही कमी आणि ब्रेक मारला की माणूस घसरतही नाही.

अन् समृद्धीवर नागपूर ते मुंबई ७०१ किमी सरळ जायचं असंल तर लेगरूम गेलं उडत, मांडीखालचा आधार पाहा. ना गिअर ना वळण. एकाच जागी बसून माणूस दगड होते.

कट्टर_मायलेज

एवढी घासाघीस कशाला? एर्टिगा घ्या. सात माणसं, वर मायलेज.

पाटणखोरे

एर्टिगा ४,३९५ मिमी. पार्किंगची भिंत पाडून देता का?

कट्टर_मायलेज

भिंत कुठल्या विटांची आहे यावर अवलंबून.

हळूहळू_चालवा

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणून थोडं सविस्तर.

मागच्या सीटचा आराम गुडघ्यापुढच्या जागेत कमी आणि सीटच्या *उंचीत* जास्त असतो. सीट जमिनीपासून जितकी उंच तितकी मांडी आडवी राहते आणि वजन बूड आणि मांडी दोघांत वाटलं जातं. सीट बुटकी असली की गुडघे वर येतात, मांडी गादीवरून सुटते आणि सगळा भार माकडहाडावर. पहिला तासभर काही कळत नाही. दुसऱ्या तासाला माणूस चुळबुळायला लागतो आणि आपण म्हणतो रस्ता खराब आहे.

कंपन्यांची युक्ती इथेच असते. सीटची गादी दोन-तीन सेंटिमीटर आखूड केली आणि पाठ थोडी उभी केली की गुडघ्यासमोर मोकळी जागा दिसते. फोटो छान येतो. मांडी मात्र अर्धी हवेत. तपासायची पद्धत: बूड पूर्ण मागे टेकवून बसा आणि गादीची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत किती अंतर उरतं ते बोटांनी बघा. दोन-तीन बोटं ठीक. अख्खा तळहात मावला तर तुमच्या उंचीला ती सीट आखूड आहे. लहान चणीच्या माणसाला नेमकं उलट होतं, लांब गादीची कड पोटरीत रुतते. म्हणून एकाच सीटबद्दल नवरा-बायकोचं मत वेगळं असतं आणि दोघंही खरं बोलत असतात.

इलेक्ट्रिक गाडी बघणार असाल तर हे आणखी जपून. जी गाडी मुळात पेट्रोलची आणि नंतर तिच्या पोटाखाली बॅटरी बसवली, तिथे पायाखालची जमीन वर येते, सीट तेवढीच राहते. गुडघे वर.

मऊ सीटला भुलू नका. शोरूममध्ये पाच मिनिटं बसलं की मऊ सीट जिंकते, घाटात कडक सीट जिंकते, कारण मऊ गादीत शरीर प्रत्येक वळणाला डोलतं आणि पाठीचे स्नायू सतत तोल सावरत राहतात.

पेन्शनर काकांशी उंबऱ्याबाबत सहमत. आईंना शिकवा: आधी पाठमोरं होऊन बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. एक पाय आत टाकून मग बसायचं नाही. आणि शक्यतो त्यांना पुढच्या सीटवर बसवा, तिथे पाय लांब करता येतो. एका कोनात वाकलेला गुडघा तास-दीड तासाने आखडतोच.

अवांतर: पुरुष मंडळी, मागच्या खिशातलं पाकीट काढून बसा. निम्मे कंबरदुखीवाले तिथेच बरे होतील.

डबल_डिक्लच

पाकिटात असतं काय म्हणून कंबर दुखेल? महिन्याची वीस तारीख आहे.

रंकाळ्याची_हवा

डॉक्टरबाई, पटलं. पण आईला पुढं बसवलं तर मागं बायको, उंच पोरगा आणि पोरगी. मग बायको मधी. खिडकीवाल्या ताई परत चिडणार.

खिडकीची_जागा

चिडणार नाही. मधे पोरगी बसेल. पाचवीतल्या मुलीला तो उंचवटा लागत नाही. पण तिला नीट पट्टा आणि डोक्यामागे आधार हवा. मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि हेडरेस्ट दोन्ही आहेत का ते *तुमच्या व्हेरिएंटात* बघून घ्या, फक्त पोटावरचा पट्टा असेल तर नको. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेले अपघातात गेले, तेव्हा मागच्या पट्ट्याची चार दिवस चर्चा झाली. नंतर जैसे थे. अजून लोक पट्ट्याची कुलपं सीटच्या फटीत दाबून टाकतात, टोचतात म्हणून.

लिंबाची_फोड

एवढ्या प्रतिसादांत एकानेही *गाडी लागणे* हा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. धागाकर्त्यांच्या रस्त्यावर कुंभार्ली आहे म्हणून लिहिते.

मला आणि माझ्या धाकट्याला दोघांनाही लागते. नव्या गाड्यांत ती जुन्यांपेक्षा जास्त लागते आणि त्याचं कारण मला खिडकीत दिसतं. दाराचा पत्रा वर चढत गेलाय, काच बारीक होत गेलीय. मागचं दार तर शेवटाकडे तिरकं वर जातं, ते बाहेरून चपळ दिसावं म्हणून. आत बसलेल्या मुलाला बाहेर आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. शरीराला वळण जाणवतंय आणि डोळ्यांना समोरच्या सीटची काळी पाठ दिसतेय, मग पोट ढवळणारच. त्यात आतून सगळं काळंकुट्ट करायची फॅशन.

तर मुलांना मागे बसवून बघा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता दिसतो का. समोरच्या सीटचं हेडरेस्ट अवाढव्य असेल तर मधल्यालाच समोरचं दिसतं. आमच्याकडे म्हणूनच मधल्या सीटवर धाकट्याचा हक्क. तोच एक माणूस ती मागून घेतो.

चिंचवडचा_फिटर

हा खरा मुद्दा आहे. ब्रेझाची काच मोठी, खिडकीची रेषा बरीच सरळ. सायरॉसही उभी आहे, आत उजेड असतो.

उघडं_छत

उजेडासाठी सनरूफ घ्या ना! पॅनोरामिक मिळतं की आता या वर्गात.

मोजपट्टी

सनरूफची चौकट आणि तिचा रूळ छताच्या आत बसतात. तेवढी उंची डोक्यावरून जाते. पाच फूट अकरा माणसाने सनरूफवाली आणि बिनसनरूफवाली दोन्ही व्हेरिएंट *पाठोपाठ* बसून बघावीत. एकाच गाडीत फरक जाणवतो. मुलगा अजून वाढतोय हेही लक्षात घ्या.

उघडं_छत

मुलांना किती आनंद होतो!

पेन्शनर_सदाशिवपेठ

चालत्या गाडीच्या छतातून पोरांना वर काढतात ते पालक तुम्हीच का?

उघडं_छत

नाही हो काका, मी फक्त पावसाळ्यात ताम्हिणीत उघडतो.

पेन्शनर_सदाशिवपेठ

पावसाळ्यात. ताम्हिणीत. उघडतो. बरं.

कातळावरचा_फणस

डिकीवर कोणीच बोलना नाय. आमी रत्नागिरीचे, आमचा गाडी पसंत करायचा माप आंब्याची पेटी. पुण्यातल्या नातेवाइकांकडे पेट्या पोचवायच्या, येताना त्यांच्याकडचं जुनं सामान आणायचं.

तर लिटरवर जाऊ नका. एक कंपनी पार्सल ट्रेपर्यंत (डिकी झाकायची फळी) मोजते, दुसरी छतापर्यंत. थ्रीएक्सओचे २९५ आणि ३६४ असे दोन्ही आकडे फिरतात, गाडी तीच. कागदावर कायलॅक ४४६, नेक्सॉन ३८२, ब्रेझा ३२८. पण पेटी चौकोनी असते. चाकांच्या कमानींमध्ये तिची रुंदी बसते का, आणि डिकीचा उंबरा किती उंच, ते बघा. उंबरा उंच असला की भरलेली पेटी आधी छातीपर्यंत उचला, मग आत खोल खाली सोडा. तिथे कंबर जाते. खालची फळी काढली की काही गाड्यांत बोटं चेमटतात ते वेगळंच.

सीएनजी घेत असाल तर एक मोठा सिलिंडर डिकी खातो, मग पेटी मांडीवर. टाटाने दोन बारके सिलिंडर खाली झोपवले, नेक्सॉन सीएनजीची डिकी ३२१ लिटर उरते. मारुतीनेही व्हिक्टोरिसला टाकी गाडीच्या पोटाखाली नेली, पण ती चार मीटरच्या वरची.

सायरॉसची मागची सीट पुढे-मागे सरकते. डिकी ३९० वरून ४६५ होते असं कंपनी सांगते. म्हणजे जाताना माणसांना जागा, येताना फणसाला.

कट्टर_मायलेज

चार मीटरचं हे खूळ सरकारचंच. जीएसटी कमी लागतो म्हणून सगळ्या कंपन्या माणसांना दुमडून बसवतात. ब्रेझा, नेक्सॉन सगळ्या त्यातल्याच.

मोजपट्टी

थोडी दुरुस्ती. लांबी एकटी पुरत नाही, इंजिनाचीही अट आहे: पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. २००६-०७च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी अशा छोट्या गाड्यांचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्के केलं, तिथून हे सुरू झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०.

आता गंमत बघा. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसी. म्हणजे लांबी आखूड असूनही ती ४० टक्क्यांतच. २०१६ साली आली तेव्हा ती फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये होती, तेव्हा सवलत मिळायची. डिझेल गेलं, लांबी राहिली. लोक अजून तीच घेतात, कारण खांबांमधलं पार्किंग सगळ्यांकडेच आहे.

चिंचवडचा_फिटर

आता विषय निघालाच आहे तर आमच्या गावचा झेंडा लावून घेतो. चार मीटरच्या आतली भारतातली पहिली एसयूव्ही कुठली? फोर्डची इकोस्पोर्ट म्हणाल, ती २०१३ची. त्याआधी २००९च्या डिसेंबरात प्रीमियर रिओ आली होती. पद्मिनीवाली प्रीमियर. कारखाना चिंचवडला! चिनी झोत्येवरून घेतलेली, झोत्येने दाइहात्सू टेरिओसवरून घेतलेली. फार चालली नाही. पण आत बसायला उंच आणि काचा मोठ्या. लिंबूताईंना आवडली असती.

डबल_डिक्लच

धागा व्हीलबेसवरून चिंचवड स्टेशनला पोचला. पुढचा थांबा लोणावळा.

टेम्सकाठचा_मावळा

इकडे यूकेत मागच्या सीटवर तिघं बसलेले मी फारसे बघितले नाहीत. एक लहान मुलाची सीट, एक कुत्रं.

रंकाळ्याची_हवा

कुत्र्याला खिडकी मिळती का?

टेम्सकाठचा_मावळा

नेहमी.

खिडकीची_जागा

बघा.

पाटणखोरे

मंडळी, आभार. रविवारी सगळं कुटुंब आणि टेप घेऊन तीन शोरूम फिरलो. पहिल्या ठिकाणी विक्रेता टेप बघून हसला. मग त्याला रस आला आणि दुसरं टोक त्यानेच धरलं. म्हणाला, सर, आम्हालापण हे कोणी सांगत नाही.

मोजपट्टींनी दिलेले आकडे बाजूला ठेवून आधी फक्त बसलो. ड्रायव्हरची सीट मला चालवायला लागते तशी लावून मीच तिच्या मागे बसलो, मग माझ्या मागे मुलगा. थ्रीएक्सओत खांद्यांना सगळ्यांत मोकळं वाटलं, पण आमच्या दोन बॅगा आणि आईचा कमोड चेअर डिकीत जाईना. (हो, तो गावी न्यावा लागतो. ब्रोशरात त्याचं माप नसतं.) कायलॅकच्या पुढच्या सीट फार आवडल्या, अंगाला धरून बसवतात. मधला उंचवटा मात्र चांगलाच उंच आहे. मुलगी म्हणाली, "मी यावर पाय ठेवून बसेन," बायको म्हणाली, "आज ठेवशील." ब्रेझात आई एका झटक्यात बसली आणि उतरली. दरवाज्यापाशी तिने कुणाचा हात मागितला नाही. सायरॉसमध्ये मुलाने सीट मागे रेलवली आणि तिथेच मोबाइल काढला, तेव्हा त्याचं मत समजलं. पण सरकणारी-रेलणारी सीट खालच्या व्हेरिएंटला नाही, त्यामुळे बजेट पुन्हा मांडतोय.

फिजिओताईंची बोटांची चाचणी सगळीकडे केली. माझ्यासाठी एकाही गाडीत तीन बोटांवर भागलं नाही, बायकोला दोन ठिकाणी गादी पोटरीला लागली. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, दोघंही खरं बोलतोय आणि भांडण कायम.

पाचव्या माणसाबद्दलचं माझं मत अर्धं मागे घेतो. आई पुढे, मुलगी मधे, असं असेल तर पाच बसतात. मुलगी दहावीला जाईपर्यंत.

आता ब्रेझा की सायरॉस यावर अडकलोय. दोन्हींची लांब टेस्ट ड्राइव्ह मागितली आहे, कात्रज घाट चढून उतरून.

हळूहळू_चालवा

छान केलंत. टेस्ट ड्राइव्हला अर्धा वेळ मागे बसा, चालवायला बायकोला द्या.

वऱ्हाडी_ठेचा

अन् दुपारी दोनला जा. सकाळी सगळ्याच गाड्या गार असतात.

पाटणखोरे

एक शेवटचं. दोन्हीकडे ॲक्सेसरीच्या पॅकेजात जाड सीट कव्हर गळ्यात मारतायत. घ्यावं का? आईला मऊ वाटलं.

चिंचवडचा_फिटर

पुढच्या सीटच्या बाजूला शिवणीत एअरबॅगची पट्टी आहे का बघा. असेल तर साधं जाड कव्हर तिथे घालायचं नाही, बॅग उघडायला अडथळा होतो. त्या बाजूला सुटी शिवण असलेली वेगळी कव्हरं मिळतात. गार सीट घेणार असाल तर जाड कव्हर म्हणजे पैसे देऊन घेतलेली भोकं पुन्हा पैसे देऊन बुजवणं. आणि आधीच आखूड असलेल्या गादीवर आणखी फोम चढवला की डोकं छताकडे जातं. पॅकेज नको म्हणून सांगता येतं. कोटेशनमधून ती ओळ काढून नवीन कागद मागून घ्या, तोंडी नको.